मोबाइलवरून मार्कशीट चढवली की अख्खा अर्ज कोरा होतो. काय करावं?

नौपाड्याची_मेघा
ठाण्यातल्या एका मंडळाच्या शिष्यवृत्तीची साइट मी सांभाळते. पीएचपी भाषेत लिहिलेली, शेअर्ड होस्टिंगवर (म्हणजे इतर साइटींसोबत वाटून घेतलेल्या सर्व्हरवर), जुनं बाड. अर्जासोबत मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला आणि पासबुकाचं पहिलं पान जोडावं लागतं. लॅपटॉपवरून स्कॅन जोडले की काही अडत नाही. कळवा-दिव्याकडच्या आया मोबाइलवर फोटो काढून भरतात, तेव्हा सबमिट दाबल्यावर पान बराच वेळ हलत नाही आणि मग लाल अक्षरात येतं, "नाव भरणे आवश्यक आहे". अहो, नाव पहिल्याच रकान्यात भरलेलं असतं! रोज संध्याकाळी माझा फोन वाजतो.

कार्यकारिणी म्हणते, "फाइल २०० केबीच्या आत करून आणावी" अशी ठळक सूचना टाक. मला नाही पटत. केबी कशाशी खातात हे ज्या बाईला माहीत नाही, ती कमी काय करणार? ड्रॅग अँड ड्रॉपचा चौकोन, म्हणजे फाइल ओढून आणून टाकायची जागा, लावला तर सोपं जाईल का?

ऐरोलीचा_वाटसरू
चौकोन राहू द्या, मोबाइलवर कोण काय ओढणार?

नुसतं नाव नाही, अख्खा फॉर्मच हरवतोय. पीएचपीत पूर्ण फॉर्मची मूळ मर्यादा ८ एमबी असते. फोनचा एक फोटो सहज तीन-चार एमबी. तीन मिळून ८ च्या वर गेले की पीएचपी सगळे रकाने रिकामे करून तुमच्या कोडच्या हातात देतं. कोडला पहिलं रिकामं दिसतं ते नाव, म्हणून तो नावावर बोंब मारतो. एका फाइलची मर्यादा वेगळी, मूळची २ एमबी. होस्टिंगच्या पॅनेलमधून दोन्ही आजच वाढवा.

पण ती मलमपट्टी झाली. फोटो लहान करणं हे ब्राउझरचं काम आहे, आयांचं नव्हे. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० ठिपके. निवडल्या निवडल्या कॅनव्हासवर (ब्राउझरमधला चित्र काढायचा फळा) लांब बाजू १६०० ठिपके करा आणि जेपीईजी बनवून पाठवा. ए-फोर कागदाला इंचामागे साधारण १३५ ठिपके मिळतात, मार्कशीटवरचे गुण आरामात वाचता येतात. वजन बहुतेकदा काहीशे केबींवर येतं. पीडीएफ मात्र आहे तशी घ्या.

आणि प्रत्येक फाइल निवडताच एकेकटी चढवा, सबमिटची वाट बघू नका. चूक दाखवून पान परत आलं की निवडलेली फाइल गेलेली असते, ब्राउझर सुरक्षेपायी ती परत भरू देत नाही. किती टक्के गेलं ते दाखवायचं तर फेच नको, जुनं एक्सएचआर वापरा (दोन्ही ब्राउझरमधून सर्व्हरला माहिती पाठवायच्या पद्धती).

कळव्याची_झेरॉक्सवाली
मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही, पण दुकानात दिवसभर लोकांचे फॉर्म भरून देते. मेघाताई, २०० केबीची सूचना जरूर टाका, माझा धंदा त्याच्यावरच चालतो 😄

खरं सांगू? लोकांचे कागद व्हॉट्सॲपवर असतात. काही साइटवर बटण दाबलं की थेट कॅमेराच उघडतो. मग बाई शेजारणीच्या फोनवर दाखला उघडते आणि आपल्या फोनने त्याचा फोटो काढते. वरच्या ट्यूबलाइटची पट्टी नेमकी तहसीलदाराच्या सहीवर. शिवाय निवडलेल्या कागदाचं चित्र दाखवा हो. नुसतं "आयएमजी" आणि पुढे आकडे बघून मार्कशीट गेली की नातवाचा वाढदिवस, कसं कळायचं?

ऐरोलीचा_वाटसरू
ताईंचा मुद्दा लाखमोलाचा. फाइल निवडायच्या रकान्याच्या (इनपुटच्या) कोडमध्ये "कॅप्चर" लिहिलं असेल तर ते उडवा, कॅमेऱ्याची सक्ती जाईल. "ॲक्सेप्ट"मध्ये, म्हणजे कुठल्या प्रकारच्या फाइली चालतील ते सांगायच्या जागी, इमेज आणि पीडीएफ दोन्ही द्या. तो नुसता इशारा असतो, सर्व्हरवर पुन्हा तपासायचंच.

नौपाड्याची_मेघा
पॅनेलमध्ये मर्यादा ८ एमबीच दिसली, वाढवली. "कॅप्चर"ही सापडलं, कुणी घातलं देव जाणे. फोटो लहान करायचं रविवारी बसून करते. ताई, पासबुकाचे फोटो आडवे येतात, ते चालवून घेऊ ना?

कळव्याची_झेरॉक्सवाली
तुम्ही घ्याल चालवून, तपासणारे काका घेतील का? चित्राखाली फिरवायचं बटण द्या.