जुने स्वस्तातले क्राइम सिनेमे: दोष कॉपीचा, पैशाचा की दिग्दर्शकाचा?

गंगापूररोड_प्रेक्षक
मंडळी, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर दुसऱ्या शनिवारी पंधराएक जण सिनेमा बघतो. पुढचे चार: 'डीटूर' (1945), 'ही वॉक्ड बाय नाइट' (1948), 'गन क्रेझी' (1950) आणि इटालियन 'मिलानो कॅलिब्रो 9' (1972). अडचण नंतरच्या चर्चेची आहे. माइक दिसला, रात्र दुपारसारखी वाटली, ओठ नि आवाज जुळले नाहीत की लोक हसतात आणि सिनेमा तिथेच निकालात निघतो. 'कमी पैशात केलाय, सांभाळून घ्या' असंही मला म्हणायचं नाही. मग नेमकं काय तपासायचं? साधा प्रोजेक्टर आहे, पडदा 8 फूट रुंद. आणि हक्कांचं काय?

रीळ_35
आधी कॉपी तपासा, सिनेमा नंतर. तुम्ही सांगितलेल्या तक्रारींपैकी निम्म्या तरी दिग्दर्शकाच्या माथी मारण्यासारख्या नसतात.

लांबी बघा. पाल या टीव्ही पद्धतीच्या कॉपीत सेकंदाला 24 ऐवजी 25 फ्रेम (चित्रं) पळतात, त्यामुळे 68 मिनिटांचा सिनेमा साधारण 65 मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. म्हणजे तीन मिनिटं कमी दिसली म्हणून काही कापलंय असं नाही. त्याहून जास्त फरक असेल तर मात्र कात्री शोधा. ती अशी सापडते: 35 मिमी प्रिंटवर ऑप्टिकल आवाज (फिल्मच्या कडेला छापलेली आवाजाची पट्टी) चित्राच्या सुमारे 20 फ्रेम पुढे असतो. प्रिंट कापून जोडली असेल तर आधी चित्र उडी मारतं आणि सेकंदाहून थोड्या कमी वेळाने संगीत अडखळतं. चित्र उडालं पण संगीत अखंड वाहिलं, तर तो संकलकाचाच कट. एवढं एक कळलं की सेन्सॉरचा राग संकलकावर निघत नाही.

रात्र: दिवसा शूट करून दोनएक स्टॉप कमी एक्स्पोज करायचं (म्हणजे फिल्मवर साधारण पाव प्रकाश पडू द्यायचा) आणि उरलेला अंधार लॅबमध्ये प्रिंट छापताना आणायचा, ही जुनी रीत. टीव्हीसाठी कॉपी करणाऱ्याने तो शॉट 'उजळ' केला की भर दुपार होते. तो ब्राइटनेस कमी करून बघा, बरेचदा दृश्य जागेवर येतं.

माइक: 1953 नंतरचे बरेच सिनेमे पूर्ण चौकटीत शूट होत आणि थिएटरात वरून-खालून झाकून दाखवले जात. झाकण काढलेल्या कॉपीत माइक दिसतो. कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये 'सी' कळ दाबून चौकट 1.85:1 (रुंदी:उंची) वर आणा. तुमच्या यादीतले पहिले तिन्ही मात्र 1.37:1 चे, म्हणजे न झाकता दाखवायचे आहेत, तिथे माइक दिसला तर ती चूकच.

धावत्या गाडीच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसले तर व्हीएलसीमध्येच 'डी' दाबा. रंगीत कॉपी गुलाबी पडली असेल तर ईस्टमनकलर या रंगीत फिल्ममधला निळसर-हिरवा रंग उडालाय, तो परत आणता येत नाही. सॅच्युरेशन निम्म्यावर आणा, डोळ्यांना बरं पडतं.

कृष्णधवल_सिडको
रीळ_35 यांनी कॉपीचं सांगितलं, मी पैशाचं सांगतो. अमेरिकेत डबल बिलमधला (एका तिकिटात दोन सिनेमे) दुसरा सिनेमा थिएटरला ठरावीक भाड्याने जाई, तिकीटविक्रीत टक्का नसे. सिनेमा चालला तरी कमाई तेवढीच. म्हणून लांबी 60-70 मिनिटं, शूटिंगचे दिवस मोजके. तेव्हा 'सेट गरीब आहे' ही टीका नाही, ती अट आहे. त्या अटीतून दिग्दर्शकाने काय काढलं ते बघायचं.

'डीटूर'मध्ये न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नाहीत, म्हणून दाट धुकं सोडलं आणि रस्त्यांच्या पाट्या दाखवल्या. धुकं नायकाच्या गोंधळलेल्या मनाशी जुळतं, म्हणून ते टिकलं. त्याच सिनेमात लिफ्ट मागण्याचे शॉट उलटे छापलेत: गाड्या डाव्या बाजूने धावतात, ड्रायव्हर उजवीकडे बसलेला. आपण डावीकडूनच गाडी चालवतो, त्यामुळे इथल्या कुणाच्या लक्षात येणार नाही. अमेरिकेत ते डोळ्यांत खुपतं. चर्चेत हे जरूर काढा.

'गन क्रेझी'तला बँक दरोडा तीन मिनिटांहून लांब एकाच शॉटमध्ये आहे, कॅमेरा गाडीच्या मागच्या सीटवर. बँक आतून दिसतच नाही. सेटचा खर्च वाचला आणि आपणही बाहेर ताटकळत बसलो. 'ही वॉक्ड बाय नाइट'मध्ये कॅमेरामन जॉन आल्टन यांनी लॉस एंजेलिसच्या पावसाळी गटारांत मोजक्या प्रकाशात पाठलाग चित्रित केलाय. अंधाराला पैसे पडत नाहीत, पण तो कुठे ठेवायचा हे कळावं लागतं. आपल्याच जिल्ह्यात मालेगावला हौशी सिनेमे काढणारे शेख नासिर यांनी कॅमेरा सरकवायला ट्रॉलीऐवजी सायकल वापरली, तीही याच जातीची अक्कल.

एक कसोटी: कुठल्याही मारामारीचं दृश्य आवाज बंद करून परत लावा. दार कुठे, कोण कुठे उभा, कोणाला काय दिसतंय हे कळलं पाहिजे. याला पैसा लागत नाही. इथे घोळ असेल तर बजेटची सबब मी ऐकून घेत नाही.

इटालियन सिनेमाचे ओठ मात्र सोडून द्या. तिथे आवाज नंतर भरत, नट आपापल्या भाषेत बोलत. आपले हिंदी सिनेमेही कित्येक दशकं डब व्हायचे. इटालियन ट्रॅक आणि सबटायटल्स लावा.

पंचवटी_वाचक
कृष्णधवल, एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. अटीतून काय काढलं एवढंच बघितलं, तर स्त्रीवरच्या अत्याचाराचं दृश्य 'कल्पक' म्हणून सुटून जातं. अशा स्वस्त सनसनाटी सिनेमांना 'एक्स्प्लॉयटेशन' म्हणतात. त्याचं भाषांतर आपण 'शोषण' करतो, पण त्या धंद्यात हा शब्द मूळचा जाहिरातबाजीचा: विषय सनसनाटी, त्यावर तिकिटं खपवायची. 'रीफर मॅडनेस' (1936) गांजाविरुद्ध इशारा म्हणून विकला गेला आणि पडद्यावर दाखवलं तेच, ज्याचा इशारा द्यायचा होता. म्हणून माझे प्रश्न असे: मार बसतो तेव्हा कॅमेरा कोणाच्या जागी आहे? मारणाऱ्याच्या की सोसणाऱ्याच्या? पुढच्या दृश्यात त्या बाईला काही परिणाम आहे, की ती विसरली गेली? याची उत्तरं वाईट आली, तर प्रकाशयोजना कितीही देखणी असो, मी तो सिनेमा चांगला म्हणणार नाही.

कृष्णधवल_सिडको
मान्य. माझी कसोटी कारागिरीची, तुमची नजरेची. दोन्ही लावायच्या, आणि एकीचे गुण दुसरीत मिळवायचे नाहीत.

रीळ_35
हक्कांचं राहिलं. कॉपीराइट कायदा 1957, कलम 26: सिनेमा प्रकाशित झाल्याच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून 60 वर्षं. 1950 चा सिनेमा 2010 च्या अखेरीस मोकळा झाला, म्हणजे तुमचे पहिले तिन्ही मोकळे. 'मिलानो कॅलिब्रो 9' 2032 च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे, घरगुती डिस्क हॉलमध्ये लावू नका. नव्याने केलेल्या सबटायटल्सवर स्वतंत्र हक्क असतो, तेही बघा.

त्याजागी आयडा लुपिनो यांचा 'द हिच-हायकर' (1953) घ्या, 71 मिनिटांचा. खुन्याचा एक डोळा मिटतच नाही, त्यामुळे तो झोपलाय की जागा आहे हे ओलिसांना कळत नाही. भीतीचं सगळं यंत्र एका पापणीवर चालतं.

गंगापूररोड_प्रेक्षक
चौथा 'हिच-हायकर'च ठेवतो. पडद्याबद्दल सांगाल का? मागच्या वेळी सगळी माणसं जाडी दिसत होती.

रीळ_35
प्रोजेक्टरने 4:3 चित्र ताणून 16:9 केलं असणार, रुंदी 33 टक्के वाढते. आस्पेक्ट 'ऑटो' किंवा '4:3' ठेवा. 8 फुटी पडद्यावर चित्र साडेचार फूट उंच आणि साधारण 6 फूट रुंद येईल, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या. स्पीकरचा सराउंड इफेक्ट बंद करा, हा मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकचा आवाज आहे. ट्रेबल थोडा उतरवा, खरखर कमी होते. आणि खिडक्यांना जाड पडदे लावा, रस्त्यावरच्या दिव्याने आल्टन यांचा काळा रंग करडा होतो.