वॅक्स मेल्ट साच्यातून निघतच नाहीत, मदत हवी आहे

रानजाई:
तिसरी खेप वाया गेली. प्लास्टिकच्या साच्यात वॅक्स मेल्ट (सुगंधी मेणाच्या वड्या) ओतते, छान गार होतात, पण निघत नाहीत. ओढलं की कोपरे आत राहतात आणि हातात चुरा येतो. शनिवारी बहिणीला बारा नग द्यायचेत. कुणी केले असतील तर लवकर सांगा.

सांजवात:
मेण कोणतं? ओतताना तापमान किती? साचा कसला? सुगंध किती घातला? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगणार काय?

कडुनिंब:
सिलिकॉनचा साचा घ्या. मागून बोटाने दाबलं की वडी अलगद बाहेर. मी चार वर्षं तोच वापरतोय.

रानजाई:
नवा साचा येईपर्यंत शनिवार उलटून जाईल. सोया वॅक्स आहे. तापमान मोजलं नाही, पातळ झालं की ओतते.

पिवळीधमक:
वात आधी मेणात बुडवून ताठ करून घ्या, मध्यभागी सरळ उभी राहते.

कडुनिंब:
वॅक्स मेल्टला वात नसतेच हो. दिव्यावरच्या वाटीत नुसते वितळवायचे असतात.

सांजवात:
सोया वॅक्समध्येही प्रकार आहेत. काचेच्या भांड्यातल्या मेणबत्तीचं मऊ असतं, ते कडेला धरून राहावं म्हणूनच तसं बनवतात. पिशवी बघा.

रानजाई:
पिशवीवर 'साच्यासाठी' असंच लिहिलंय. एक सांगायचं राहिलं. साचा आधी काचेसारखा स्वच्छ होता, आता आतून दुधी झालाय आणि बोट लावलं की चिकटतं.

कडुनिंब:
झालं! गरम ओतल्याने प्लास्टिक वितळलं. म्हणून सिलिकॉन म्हणतोय.

सांजवात:
उष्णतेने साचा वाकडा झाला असता. दुधी आणि चिकट होणं वेगळं. साच्याखाली त्रिकोणात प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा असतो, तो बघा. आणि सुगंध कोणता, किती?

निवांत:
घरात मांजर असेल तर टी ट्री तेल अजिबात वापरू नका, मांजरांना ते विषारी असतं.

रानजाई:
मांजर नाही. आकडा ६ आहे. संत्र्याचं इसेन्शियल ऑइल, १०० ग्रॅम मेणाला दोन मोठे चमचे. कमी घातलं तर वास येत नाही.

सांजवात:
हेच कारण. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. संत्र्याच्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचं द्रव्य असतं आणि ते पॉलिस्टायरीन विरघळवतं. त्यात तुमचं तेल २५ ग्रॅमच्या घरात गेलं. मेण साधारण ६ ते १० टक्केच धरून ठेवतं, बाकीचं पाझरून साच्याला लागतं. तो साचा फेकाच.
चुरा वाचेल. साच्याला टेकलेला चिकट थर खरवडून टाका. मग दर १२५ ग्रॅम चुऱ्यामागे २०० ग्रॅम कोरं मेण घालून डबल बॉयलरवर (गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात) वितळवा, तेलाचं प्रमाण ८ टक्क्यांच्या आत येईल. तेल लवकर पेट घेतं, भांडं थेट आचेवर नको. ६० अंशांच्या आसपास ५ आकड्याच्या, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या साच्यात ओता. यापुढे चमचा नको, वजनकाटा घ्या.

निवांत:
आणि साच्याला आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवा.

सांजवात:
नको! वडीवर डाग पडतात. फ्रीजरमध्ये दहा मिनिटं पुरतात. जास्त ठेवलं तर तडे जातात.

कडुनिंब:
सिलिकॉनला फ्रीजरही लागत नाही.

रानजाई:
५ आकड्याचा एक जुना कप्प्यांचा डबा सापडला. सहा ओतले, दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवले, उलटा करून ओट्यावर आपटला. सहाच्या सहा निघाले, कडासुद्धा शाबूत! सांजवात, खूप खूप आभार. पण वास अगदी मंद येतोय. अजून तेल घालू का?

सांजवात:
मुळीच नाही. सोया वॅक्सला मुरायला आठवडा-दोन आठवडे लागतात. झाकण लावून ठेवा आणि बहिणीलाही सांगा, लगेच पेटीतून काढू नको म्हणावं.