एबीएल आणि इमॅटिनिब
टायरोसिन कायनेज म्हणजे कर्करोग घडवणारं प्रथिन, असं कुणीतरी लिहिलंय. अर्धंच खरं! एबीएल हे असंच एक टायरोसिन कायनेज, आणि ते निरोगी पेशीतही असतं. एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवरचा फॉस्फेट दुसऱ्या प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर चढवायचा आणि काम झालं की गप्प बसायचं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली की एबीएल बीसीआर या दुसऱ्या प्रथिनाला जोडलं जाऊन बीसीआर-एबीएल बनतं. त्यात एबीएलला आवरणारं टोकच गळालेलं असतं, शिवाय बीसीआरमुळे हे रेणू एकत्र येऊन एकमेकांवर फॉस्फेट चढवत राहतात. विभाजनाचा निरोप मग थांबतच नाही, आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग होतो. २००१ साली अमेरिकेत मंजूर झालेलं इमॅटिनिब हे औषध एबीएलमधल्या एटीपीच्याच खाचेत बसतं, तेही एबीएल निष्क्रिय आकारात असताना. मला तरी यातलं सगळ्यात देखणं हेच वाटतं. मात्र एबीएलमध्ये ३१५व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्युसिन आलं की इमॅटिनिब तिथे बसत नाही. मग पोनॅटिनिबसारखं औषध लागतं.