भजन मंडळं, यूट्यूब आणि पैसा

एकांनी विचारलंय की झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) भजन मंडळांचे व्हिडिओ खूप पाहिले जातात, मग पैसा का येत नाही? बहुतेक वेळा व्हिडिओ शूटिंगवाल्याच्या चॅनलवर असतो आणि जाहिरातीचा पैसा चॅनलमालकालाच मिळतो. म्हणून चॅनल मंडळाचंच काढा. १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहणं झालं की लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा मिळतो.

खरं घोडं अडतं ते पत्त्यावर. कमाई १० डॉलर झाली की पत्त्याच्या पडताळणीचा सहा आकडी पिन (गुप्त क्रमांक) गूगलकडून साध्या टपालानं येतो. पत्त्यात पोस्ट, तालुका, पिनकोड नीट नसला तर पाकीट हरवतं, आणि चार महिन्यांत तो गुप्त क्रमांक भरला नाही तर जाहिराती थांबतात. १०० डॉलर जमेपर्यंत खात्यात काहीच येत नाही.

सिनेमाच्या चालीवर भजन बसवू नका, कराओके ट्रॅकही नको. हक्काचा दावा लागला की कमाई त्या गाण्याचे हक्क असलेल्या कंपनीकडे वळते. चाल स्वतःची, पेटी-खंजिरी स्वतःची ठेवा. फोन पेटीच्या बाजूला, खंजिरीपासून चार-पाच हात लांब ठेवा, नाहीतर थापेसरशी आवाज फाटतो.

शब्द आणि चाल ज्यांची, त्यांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं) सभासदत्वही घ्यावं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला त्यांचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही.