कंबरदुखी ८ महिने, वय २७: संधिवाततज्ज्ञांकडे आत्ताच जावं का?

निळाई:
धाकट्या भावासाठी विचारतेय. आठ महिने कंबर दुखतेय. पहाटे ३-४ च्या सुमारास दुखून जाग येते, उठून फेऱ्या मारल्या की उतरतं. सकाळी तासभर कंबर धरलेली. कधी उजवा कुल्ला दुखतो, कधी डावा. एक्स-रे स्वच्छ, सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारी चाचणी) नॉर्मल. मला शंका अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसची, म्हणजे मणके हळूहळू जखडवणाऱ्या दाहक संधिवाताची. हाडांचे डॉक्टर म्हणतात, सहा महिने व्यायाम करून बघू. लवकर गेल्याने पुढे १०-१५ वर्षांनी खरंच फरक पडतो का? सध्या एकच खर्च झेपेल: संधिवाततज्ज्ञ किंवा एमआरआय. दोन्ही नाही.

वाटसरू:
एमआरआय आधी. पण 'कंबरेचा एमआरआय' म्हणून करू नका, त्यात नेमके हवे ते सांधे जेमतेम कडेला येतात. चिठ्ठीवर 'दोन्ही सॅक्रोइलियाक सांधे, सेमी-कोरोनल, टी१ आणि एसटीआयआर' असं लिहून घ्या (सॅक्रोइलियाक म्हणजे कण्याचं टोक आणि कटीच्या हाडांमधले सांधे; बाकीची नावं प्रतिमेच्या कोनाची आणि प्रकारांची). हाडातला दाह एसटीआयआरवर पांढरा उमटतो. कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) बहुधा लागत नाही. एक्स-रेवर खुणा उमटायला वर्षं जातात, त्यामुळे तो स्वच्छ आला म्हणजे सुटलो असं नाही. एमआरआय झाला की लगेच तज्ज्ञांना दाखवा.

निळाई:
वाटसरू, दोन्ही झेपणार नाही असं लिहिलंय वर.

अनुस्वार:
मग एचएलए बी२७ (या आजाराशी जोडलेल्या जनुकाची चाचणी) करा, एका रक्ताच्या नमुन्यात काम. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक सूचना बघा: ४५ वर्षांच्या आत सुरू झालेली, ३ महिन्यांहून जुनी कंबरदुखी आणि ठरलेल्या खुणांपैकी चार असतील तर थेट संधिवाततज्ज्ञ. तीनच असतील तर बी२७, आणि ती पॉझिटिव्ह आली तर तज्ज्ञ.

देवदार:
अनुस्वार, तुमच्याच नियमाने मोजा की. दुखणं ३५ च्या आत सुरू झालं, उत्तररात्री जाग, कुल्ल्यात दुखणं, हालचालीने आराम. चार इथेच भरल्या, बी२७ कशाला अडवायची? शिवाय बी२७ असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही, आणि ती निगेटिव्ह असूनही होतो. नॉर्मल सीआरपीचंही तेच, आजार असूनही ती नॉर्मल येते.
माझं मत: आधी दाहशामक गोळ्यांची नीट चाचणी. डॉक्टरांनी ठरवलेली पूर्ण मात्रा, रोज, २ ते ४ आठवडे. दुखलं की एक गोळी, ही चाचणी नव्हे. आम्लपित्त, रक्तदाब, मूत्रपिंड याबद्दल आधीच सांगा. पहिल्या दोन दिवसांत लक्षणीय उतार पडला तर तीही एक खूण धरतात.

मोरपीस:
कडक गादी आणि पूर्ण विश्रांती. स्पाँडिलायटिसला पट्टा लागतोच.

देवदार:
मोरपीस, ती स्पाँडिलोसिस, वयाची झीज. नावाच्या या घोटाळ्यात लोक वर्षानुवर्षं चुकीच्या दारात बसतात. इथे दुखणं विश्रांतीने वाढतं, चालल्याने उतरतं. पट्टा बांधून पडून राहिलं तर कंबर आणखी धरेल.

पाणपोई:
मूळ प्रश्न राहूनच गेला. फरक पडतो, पण का ते नीट समजून घ्या.
मणक्यांना जोडणारं नवं हाड एकदा तयार झालं की कोणत्याही औषधाने विरघळत नाही. त्याआधीचा दाह मात्र औषधाने शमवता येतो. लक्षणं सुरू झाल्यापासून निदानापर्यंत सरासरी ५ ते ७ वर्षं जातात, ती याच काळातली. टीएनएफ-रोधक इंजेक्शनांचा (दाह वाढवणारं प्रथिन अडवणारी औषधं) गुणही तरुण वयात आणि आजार नवा असताना जास्त येतो. ती सुरू करण्याआधी क्षयरोग आणि हेपटायटिस बी ची तपासणी चुकवू नये. मेथोट्रेक्सेट (संधिवातावरची नेहमीची गोळी) कण्याला उपयोगी पडत नाही. त्यावर महिने घालवू नका. तोंडाने दीर्घकाळ स्टिरॉइडही नको.
एक खरं सांगायलाच हवं: लवकर निदान झालेल्यांची प्रकृती पुढे बरी दिसते, त्यात काही वाटा त्यांचा आजार मुळात सौम्य असण्याचा असतो. एक्स-रे स्वच्छ असलेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाच्या सांध्यांत दोन वर्षांत बदल दिसू लागतात. सीआरपी वाढलेली असेल तर जास्त जणांच्या. सगळ्यांचा कणा जखडत नाही. आणि तज्ज्ञांकडे नुसती चिठ्ठी घेऊन जाण्याने काही होत नाही, पुढचे उपचार आणि रोजचा व्यायाम टिकला तर होतं. भाऊ सिगारेट ओढत असेल तर ती आज बंद. धूम्रपानाने मणके जुळून जखडण्याचा वेग वाढतो.

वाटसरू:
म्हणूनच म्हणतोय, एमआरआय करा.

अनुस्वार:
डोळ्याचं कोणीच लिहिलं नाही. एकच डोळा लाल, दुखरा, उजेड सहन होत नाही असं झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. साध्या थेंबांवर काढू नका. या आजारात साधारण चौघांत एकाला कधी ना कधी हे होतं.

पाणपोई:
घरी एक मोजमाप करून ठेवा. ताठ उभं करून कमरेवरच्या दोन खळग्यांना जोडणाऱ्या रेषेवर पेनाने खूण, तिच्या बरोबर १० सेंमी वर दुसरी. गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगा. अंतर १५ सेंमीच्या आसपास जायला हवं. तारीख घालून लिहा, पुढच्या वर्षी तुलनेला लागेल.

निळाई:
मोजलं. १३.५ भरलं. दोनदा मोजलं, तेवढंच. सिगारेट ओढत नाही. आईला सोरायसिस आहे (त्वचेचा हा आजारही याच्याशी जोडलेला असतो), ते कुणाला सांगायचं सुचलंच नव्हतं.
एमआरआय नाही, बी२७ नाही, गोळ्यांच्या चाचणीसाठीही थांबत नाही. संधिवाततज्ज्ञांची वेळ घेतली, पुढच्या मंगळवारी. एक्स-रेच्या फिल्म आणि हा १३.५ चा कागद घेऊन जातोय.