कंपनीतला साहेब वर्गात: समावेशन शिकवायला अनुभव पुरतो का?
(चर्चा; प्रत्येक उताऱ्याआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पाटीपेन्सिल
कंपनीत वरच्या खुर्चीवर कारकीर्द काढायची आणि मग बिझनेस स्कूलमध्ये विविधता, समता, समावेशन, म्हणजे डीईआय, शिकवायला यायचं, हा मार्ग काही जण धरतात. माझ्या मते हा विषय अशाच लोकांनी शिकवावा. भेदभाव धोरणाच्या कागदावर सापडत नाही. तो शॉर्टलिस्ट करताना होतो, ओळखीतून रेफरल घेताना होतो, अप्रेझलची रेटिंग ठरवायच्या बैठकीत होतो. "आपल्या टीममध्ये बसेल का हा?" हे वाक्य नेमकं कधी येतं आणि त्यानंतर कुणाचा बायोडेटा बाजूला पडतो, हे प्राध्यापकाला पुस्तकातून कसं कळणार?

आकडेमोड
साहेब बैठकीत होता हे खरं, पण ज्या चाळणीतून तो स्वतः वर आला ती चाळणी त्याला चोखच वाटणार ना! फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव या समाजशास्त्रज्ञांनी ८००हून जास्त अमेरिकी कंपन्यांची आकडेवारी पाहून २०१६मध्ये एका लेखात लिहिलं: डायव्हर्सिटी ट्रेनिंग सक्तीचं केल्यावर पाच वर्षांनी मॅनेजरांमधलं कृष्णवर्णीय स्त्रियांचं प्रमाण वाढलं नव्हतं, उलट सरासरी ९ टक्क्यांनी घटलं होतं. ही सक्ती साहेबलोकांनीच केलेली. तेच आता वर्गात येणार?

पाटीपेन्सिल
अर्धंच सांगितलंत. ऐच्छिक ट्रेनिंग, मेंटॉरिंग आणि वेगवेगळ्या विभागांतल्या लोकांचा टास्क फोर्स यांचे परिणाम त्यांना चांगले दिसले, तेही त्याच लेखात आहे. सक्ती केली की लोक अडून बसतात, हे माणसं सांभाळलेल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

कळीचा मुद्दा
कोण शिकवतो यापेक्षा काय शिकवतो ते बघा. मुलाखतीचंच घ्या. पाच-सहा प्रश्न आधी ठरवा, सगळ्यांना त्याच क्रमाने विचारा. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण, आणि कोणत्या उत्तराला २, कोणत्या उत्तराला ४ हे एकेका ओळीत आधीच लिहून ठेवा. उत्तर संपलं की लगेच गुण द्या. शेवटी एकदम दिले तर एकूण छाप गुणांवर सांडते. चर्चेआधी सगळ्यांच्या गुणपत्रिका जमा करून घ्या. गाडी अडते ती इथेच: सर्वांत वरिष्ठ माणूस आधी बोलतो आणि बाकीचे मुकाट्याने आपले आकडे खोडतात. वरिष्ठाने शेवटी बोलायचं, एवढा एक नियम जुन्या साहेबाने वर्गात सराव करून घेऊन अंगवळणी पाडला, तरी त्याचा पगार वसूल.

तिरकस
आणि "नावं झाकली की झालं" असं सांगणाऱ्यांना आवरा. फ्रान्समध्ये २०१०च्या सुमारास निनावी बायोडेटाचा प्रयोग झाला, तेव्हा स्थलांतरित कुटुंबांतल्या उमेदवारांची मुलाखतीची संधी उलट कमी झाली. भाग घेणाऱ्या कंपन्या स्वखुशीने आलेल्या, म्हणजे अशा उमेदवारांना आधीच जरा झुकतं माप देणाऱ्या. नाव झाकल्यावर बहुधा नोकरीतला खंड तेवढा दिसत राहिला, त्यामागचं कारण दिसेना.

आकडेमोड
कळीचा मुद्दा यांची पद्धत मान्य. पण ती चालली की नाही हे मोजणार कोण? अमेरिकेत १९७८मध्ये चार-पंचमांश नियम आला: एका गटाचा निवडदर सर्वाधिक दर असलेल्या गटाच्या ८० टक्क्यांखाली गेला तर प्रक्रिया तपासायची. ८० पुरुषांतून ४० घेतले, म्हणजे ५० टक्के. ४० स्त्रियांतून १२, म्हणजे ३० टक्के. गुणोत्तर ०.६, घंटा वाजली. आता १० पुरुषांतून ४ आणि ५ स्त्रियांतून १ घ्या: गुणोत्तर ०.५. एकच स्त्री जास्त निवडा, थेट १! एवढ्याशा आकड्यांवरून "आमच्याकडे भेदभाव नाही" म्हणणारे साहेब शिकवायला लागले तर विद्यार्थीही तेच शिकतील.

स्त्री-पुरुषांच्या पगारातही तीच गत. "समान ग्रेडमध्ये तफावत शून्य" हे वाक्य सभेत फार शोभतं. पण बढतीच अडवली असेल तर तफावत कुणाला कोणती ग्रेड मिळाली यातच दडलेली असते. म्हणून दोन्ही आकडे मांडायचे: मध्यक पगारातली (चढत्या क्रमात मधोमध येणाऱ्या पगारातली) तफावत, सरसकट आणि ग्रेडनिहाय. शिवाय नव्या माणसाचा पगार जुन्या पगारावरून ठरवणं बंद, नाहीतर आधीच्या कंपनीतली तफावत आयतीच आत येते.

पाटीपेन्सिल
ठीक, मोजमाप तुम्ही शिकवा, बैठक त्याला शिकवू द्या. एक कोर्स, दोन शिक्षक.

आकडेमोड
आणि गुण कशावर? असे पाहुणे शिक्षक बहुधा "मला काय जाणवलं" छापाचा निबंध मागतात, आणि मुलं सरांना आवडेल तेच लिहून देतात.

कळीचा मुद्दा
निबंध नकोच. एका विभागाच्या भरतीची नावं काढलेली आकडेवारी द्या: अर्ज, शॉर्टलिस्ट, मुलाखत, ऑफर, रुजू. कोणत्या पायरीवर गुणोत्तर घसरलं ते शोधा, आणि त्या पायरीवर एकच बदल सुचवा. गळती अर्जाआधीच, रेफरलमध्ये असेल तर या तक्त्यात ती दिसणारच नाही. हे ज्याने ओळखलं त्याला सर्वाधिक गुण.

तिरकस
हा पेपर आधी शिक्षकांनाच सोडवायला द्या.