मोठ्या वयात ब्रेसेस: लवकर आटपावं म्हणून हाडाची शस्त्रक्रिया करावी का?

चारुलता
वय ३८. वरचे दात पुढे आलेत, खालचे एकमेकांवर चढलेत. दोन्हीकडच्या उपदाढा काढून ब्रेसेस लावायचं ठरतंय. साधारण दोन वर्षं लागतील म्हणाले. कॉर्टिकोटॉमी ही दातांभोवतीच्या हाडाची शस्त्रक्रिया करून घेतली तर काम बरंच लवकर होईल, असंही ऑर्थोडॉन्टिस्टनी (दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांनी) सुचवलं. हाडाला हात लावायचा म्हटल्यावर मी घाबरलेय, पण माझ्या कामात दिवसभर लोकांशी बोलावं लागतं, त्यामुळे दोन वर्षं तारा घालून वावरायचंही जिवावर आलंय. कोणी केली आहे का? काय सल्ला द्याल?

हिरडीवाली
चारुलताताई, मी हिरड्यांच्या शस्त्रक्रिया करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. यात हाड आरपार कापून दात सुटा करत नाहीत. हिरडी बाजूला करून मुळांच्या मधल्या जागेत हाडाच्या वरच्या कठीण थरावर बारीक खाचा किंवा ठिपके पाडतात. गरज असेल तिथे हाडाची भुकटी भरतात आणि टाके घालतात. सगळं तोंडात भूल देऊन होतं.

१९५९ मध्ये क्योले यांनी ही पद्धत मांडली तेव्हा समज असा होता, की दातासकट हाडाचा तुकडाच सरकतो. पुढे विल्को बंधूंनी (एक हिरड्यांचे तज्ज्ञ, एक ऑर्थोडॉन्टिस्ट) २००१ मध्ये सीटी स्कॅनच्या आधारे वेगळं दाखवलं. जखम झालेल्या भागात हाडातला कॅल्शियम तात्पुरता कमी होतो, हाड मऊ पडतं आणि त्यातून दात सहज वाट काढतो. जखमेभोवती हाडाची उलाढाल (जुनं हाड विरघळून नवं तयार होणं) अशी वाढते हे फ्रॉस्ट यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवलं होतं.

ही उलाढाल टिकते किती, हाच खरा प्रश्न आहे. पहिल्या एक-दोन महिन्यांत ती जोरात असते, तीन-चार महिन्यांत ओसरू लागते. त्या काळात दर दोन आठवड्यांनी जाऊन तारा बदलून घ्यायला जमणार नसेल, तर शस्त्रक्रियेचा त्रास सोसूनही पदरात फारसं काही पडत नाही.

सुळा_सरकला
मी करून घेतली आहे, पिझोसिजन. त्यात हिरडी उघडत नाहीत, दोन दातांच्या मध्ये उभी छोटी चीर देतात आणि अल्ट्रासॉनिक टोकाने आतल्या हाडाला खाच पाडतात. दुखलं नाही, पण कवटीभर घुमणारी बारीक थरथर आणि घशाकडे सारखं जाणारं पाणी, याचीच मला धास्ती बसली होती. दुसऱ्या दिवशी ओठ चांगलाच सुजला. बर्फ, मऊ खाणं, त्या भागावर ब्रश नाही.

सुळे मागे सरकताना फरक दिसत होता. शेवटचं बारीक काम मात्र, म्हणजे दात फिरवणं, चावा जुळवणं, नेहमीच्याच गतीने झालं. हे आधी कोणी नीट सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

एक आठवण: दुखलं तर मनाने आयब्युप्रोफेन घेऊ नका. ते दाह कमी करतं आणि इथे हाडाला जो दाह हवा असतो तोच दबतो. मला पॅरासिटामॉल दिली होती.

वाट_पाहणारी
मी विचारांती नाही म्हटलं. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (झालेल्या चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) अशा शस्त्रक्रियांच्या निकषात बसणाऱ्या चारच चाचण्या सापडल्या, मिळून रुग्ण ५७. दात थोडे लवकर सरकतात असं दिसलं, पण पुरावा कमकुवत असल्याचं त्यांनीच नोंदवलं आहे. एवढ्या भरवशावर निरोगी हिरडीला चीर देणं मला पटलं नाही. माझे दात फक्त थोडे वाकडे होते, मोठी जागा भरायची नव्हती, हेही खरं.

हिरडीवाली
वाट_पाहणारी, तुमचा निर्णय तुमच्या दातांसाठी योग्यच आहे. ताईंचं प्रकरण वेगळं आहे. उपदाढ काढल्यावर सुमारे ७ मिमीची जागा होते आणि दात महिन्याला साधारण १ मिमी सरकतो. वेळ जातो तो तिथे. तरीही माझ्या मते वेगापेक्षा आधी हाडाची जाडी बघा. खालच्या पुढच्या दातांवर बाहेरून हाडाचा पापुद्राच असेल, तर भुकटी भरून तो जाड करणं हे शस्त्रक्रियेचं जास्त सबळ कारण आहे. सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढली आहे का? हिरड्यांतून रक्त येतं का? धूम्रपान, ताब्यात नसलेला मधुमेह, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली बिस्फॉस्फोनेटची गोळी, यातलं काही असेल तर आधीच सांगा. त्या गोळीवर असताना मी तरी हाडाला हात लावणार नाही.

चारुलता
सगळ्यांचे मनापासून आभार. गोळी, मधुमेह काही नाही. घासताना रक्त मात्र येतं, आणि सीबीसीटी झालेली नाही. पुढच्या भेटीत तीच आधी मागते, आणि वाचणारे महिने नेमके कुठल्या टप्प्यातले, हेही विचारते.

हिरडीवाली
रक्त येतंय तोवर ब्रेसेससुद्धा लावून घेऊ नका. आधी हिरड्यांची खोल सफाई करून घ्या, काही आठवड्यांनी दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली पुन्हा मोजायला सांगा, आणि मगच शस्त्रक्रियेचं बोला. स्कॅन आला की इथे लिहा, मी बघते.